डाव्या बाजूचे उलटे आटे

माझी धाकटी बहीण नीला हिला नोकरी मिळाली ती एका पंक्चरमुळे. आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. आईचं म्हणणं, ती राहुकाळामुळे मिळाली. आणि आमच्याकडे आईचं म्हणणं शेवटचं असे. पण त्या दिवशी मी स्वतः गाडीत होतो. चुकीच्या बाजूनं पाना फिरवणाऱ्यांत माझा नंबर दुसरा होता. तेव्हा साक्ष द्यायचा अधिकार मला आहे.

साल एकाहत्तर, जूनचा पहिला सोमवार.

आम्ही सुरतेतले मराठी लोक. वडील तार खात्यात बदली होऊन इथे आले, इथली पापडी त्यांना मानवली आणि परत जायचं राहून गेलं. पुढे ते गेले. आई, मी, माझी बायको शैलजा आणि नीला मागे राहिलो. मी बँकेत कारकून होतो. नीला बी. एस्सी. झाली होती, पदार्थविज्ञान घेऊन, पहिल्या वर्गात. तिला शाळेत शिकवायचं होतं. दुसरं काहीही करायचं नव्हतं.

अडचण एकच होती. नीलाचं कधी चुकत नसे.

हा दोष मुलाखतीत फार लवकर दिसतो. नवसारीला एका ट्रस्टींनी तिला विचारलं, पाणी शंभर अंशांवर उकळतं हे मुलांना कसं शिकवाल? नीला म्हणाली, "आधी हे सांगेन, की ते सगळीकडे शंभरावर उकळत नाही." भरूचला मुख्याध्यापकांनी फळ्यावर गणित घातलं, तर हिनं आधी फळा दुरुस्त केला आणि मग गणित सोडवलं. वलसाडला तिनं शाळेच्या घड्याळात दोष काढला. चौथ्या शाळेत काय झालं ते ती अजूनही सांगत नाही. चारही शाळांनी कळवलं की उमेदवार अतिशय हुशार आहे. नेमणूक मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असे.

पाचवी मुलाखत बारडोलीजवळच्या एका शाळेत होती, सकाळी अकराला. आईनं बजावून ठेवलं होतं: ही शेवटची. ही हुकली तर नीलानं सांगलीला मामाकडे जायचं, मामाच्या वकिली कचेरीत टाइपिंग करायचं आणि मामानं हेरून ठेवलेल्या स्थळाला नाही म्हणायचं नाही. नीलानं कबूल केलं होतं. ती कबूल केलेलं पाळते, हीच खरी भीती होती.

बारडोलीची आगगाडी आठला होती. पण सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ.

"चार वेळा गेलात, एकदा तरी पंचांग बघितलंत?" आई म्हणाली. "नाही ना? मिळाली का नोकरी? नाही ना? मग!"

या 'मग'ला पहिल्या वर्गातल्या पदार्थविज्ञानाकडेही उत्तर नव्हतं. आठची गाडी आमच्याशिवाय गेली. नऊनंतरची एस. टी. वेळेत पोचवेल याची खात्री खुद्द एस. टी.लाही नव्हती. तेव्हा पुढे आला माझा मेहुणा अविनाश.

अविनाश म्हणजे शैलजाचा धाकटा भाऊ. कलेक्टर कचेरीत होता. त्याच्याजवळ गाडी चालवायचा परवाना होता. फक्त गाडी नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावर भाईदास म्हणून लूमच्या सुट्या भागांचे व्यापारी राहत. त्यांच्याजवळ गाडी होती, पण त्यांचा ड्रायव्हर मगन तापानं पडलेला. त्यांना चार पेट्या आणि हातपंपाचा एक लांब पाइप बारडोलीला पाठवायचा होता. अविनाशनं रविवारी संध्याकाळी ही दोन दुःखं एकत्र आणली आणि किल्ली खिशात घालून वर आला.

नऊ वाजून एक मिनिटानं आईनं नीलाच्या तळहातावर दही ठेवलं.

"आणि आज कुणाची चूक काढायची नाही. समोरचा म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर म्हणायचं, हो का!"

"पण आई..."

"हो का, म्हणायचं."

नीलानं दही चाटलं. तिनं शैलजाची साय रंगाची नवी साडी नेसली होती. "जपून गं," एवढंच शैलजा म्हणाली, आणि ते साडीला उद्देशून होतं.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आलेलं जुनं पिकअप. पुढून तोंड जीपसारखं, मागे उघडा हौदा. ती कुठल्या लढाईत होती कोण जाणे, पण घाबरण्याची सवय तिला तिथेच लागली असावी. प्रत्येक गिअरला अंग काढून घ्यायची. आम्ही तिघं पुढच्या सीटवर. अविनाश गाडी अशी चालवत होता जणू शेजारी परवाना देणारा साहेब बसलाय.

"भाऊजी, साडेदहाला बारडोली. लिहून घ्या," तो मला म्हणाला.

गोडादऱ्याचा फाटा दिसायला लागला आणि मागून एक लांब सुस्कारा ऐकू आला. गाडी डाव्या कुशीवर टेकल्यासारखी झाली. उतरून पाहिलं, तर मागचं डावं चाक बसलेलं. नऊ वीस झाले होते.

"काही नाही, दहा मिनिटांचं काम आहे," अविनाश म्हणाला. स्टेपनी होती, सीटखाली जॅक होता, पाना होता. चाकाला पाच नट होते. प्रत्येक बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' हे अक्षर कोरलेलं होतं. आम्ही तिघंही इंग्रजी उत्तम वाचत होतो.

अविनाश जॅक लावायला निघाला तर नीलानं अडवलं. "आधी नट ढिले करा. चाक जमिनीवर असताना. वर उचललं की ते फिरेल." हे बरोबर होतं. मग तिनं आज्ञा केली, "घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवा."

अविनाशनं पाना लावला आणि जोर केला. नट हलला नाही. मी जोर केला. नट हलला नाही. दोघांनी मिळून केला. अविनाश पान्याच्या दांड्यावर उभा राहिला. मी त्याला धरून उभा राहिलो. दुरून पाहणाऱ्याला वाटावं की दोन सुशिक्षित माणसं एका चाकाची क्षमा मागताहेत.

"गंजलाय," अविनाश म्हणाला.

"दिशा तीच ना गं?" मी विचारलं.

नीलानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की नवसारीच्या त्या ट्रस्टींबद्दल मला प्रथमच आपुलकी वाटली. तिनं उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा ताठ केला आणि मला दाखवला. "दादा, बोटं फिरतात ती दिशा, अंगठा जातो ती दिशा. सगळे स्क्रू या नियमानं चालतात."

"हो का!" मी म्हणालो. आईचा उपदेश असा नको त्या माणसाच्या उपयोगी पडला.

नऊ पस्तीस. तेवढ्यात नीलाला हौद्यातला पाइप दिसला. "तरफ!" ती म्हणाली. पान्याचा दांडा पाइपात घालायचा. दांडा जेवढा लांब, तेवढा जोर जास्त. हाही नियम शंभर टक्के बरोबर होता. दोन बरोबर नियम एकत्र आले की किती नुकसान होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पाइपाच्या टोकाला आम्ही दोघं लोंबकळलो. नट कुरकुरला. हलला!

"सुटतोय!" नीला ओरडली. "अजून जोर!"

आम्ही अजून जोर दिला. कडाक्कन आवाज झाला आणि आम्ही दोघं भाईदासच्या पाइपासकट रस्त्यावर बसलो.

"बघा, सुटला!" नीला म्हणाली.

नट सुटला होता खरा. त्याच्या पोटात बोल्टचा अर्धा तुकडाही सुटून आला होता. नीलानं तो हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. "धातूतच दोष असणार," असा निकाल तिनं दिला, आणि आम्ही दुसऱ्या नटाला पाना लावला.

दुसरा नट कुरकुरायच्या बेताला आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला प्रेक्षक आहे. सायकलवर बसूनच, एक पाय जमिनीला टेकवून, एक माणूस शांतपणे बघत होता. चाळिशीचा असेल. केसांत आणि भुवयांवर लूमवरच्या सुताची बारीक पांढरी भुकटी, डोळे जागरणानं लाल. मागे कॅरिअरला दळणाचा डबा बांधलेला. रातपाळी करून, दळण घेऊन घरी निघालेला, हे न विचारताच कळत होतं.

"काय करी ऱ्हायनात, साहेब?" त्यानं विचारलं. भाषेवरून खानदेशचा.

"नट काढतोय," अविनाश दम खात म्हणाला.

"मंग ते आवळी कसाले ऱ्हायनात?"

 मग नीला पुढे झाली. तिनं मूठ वळली, अंगठा ताठ केला आणि त्या माणसाला सगळा नियम समजावून सांगितला. बोटं, अंगठा, दिशा. त्यानं तो मान हलवत मनापासून ऐकून घेतला. रातपाळी करून आलेला माणूस इतक्या सौजन्यानं पदार्थविज्ञान ऐकतो, हे मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही.

"ताई, तुमनं बरोबर शे," तो म्हणाला. "पन ते उजव्या बाजूनं." मग माझ्याकडे वळला. "साहेब, सायकल चालवतात ना?"

"पंधरा वर्षं," मी जरा अभिमानानं म्हणालो.

"डावं पायडल कधी काढेल शे का?"

पंधरा वर्षं मी त्या पायडलवर पाय ठेवून बँकेत जात होतो. ते निघतं, एवढीही चौकशी मी केलेली नव्हती.

तो सायकलवरून उतरला. दळणाचा डबा सोडून नीलाच्या हातात दिला, सायकल उताणी केली, झोळीतून लहान पाना काढला आणि डाव्या पायडलला लावला. आधी नीलाच्या अंगठ्याप्रमाणे फिरवला. पायडल घट्ट बसलं. मग उलट फिरवला. पायडल अलगद सुटून त्याच्या हातात आलं. नंतर उजवं काढून दाखवलं. ते अंगठ्याप्रमाणे सुटलं. दोन्ही पायडलं त्यानं पुन्हा बसवली, सायकल सरळ केली आणि नीलाकडून डबा परत घेतला. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.

नीला गप्प होती. मी तिला ती रांगत होती तेव्हापासून ओळखतो. गप्प अशी पाहिली नव्हती.

"का?" मग तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"चाक फिरस," तो हातानं चाक फिरवल्यासारखं करत म्हणाला. "फिरता फिरता नट ढिला व्हई जाईन. म्हनीसन डाव्या बाजूले उलटे आटे." मग वाकून त्यानं बोल्टवरच्या 'एल'वर बोट ठेवलं. "हाई काय लिखेल शे ते माले नही माहीत. पन जठे हाई खूण दिसनी, तठे उलटं फिरवानं."

आम्ही तिघांनी ते अक्षर पुन्हा एकदा वाचलं. एल म्हणजे लेफ्ट. आमच्यापैकी दोघं त्याच भाषेत रोज सरकारी आणि बँकेचा पत्रव्यवहार करत होतो.

त्याचं नाव चिंधा. तो अमळनेरकडचा, गोडादऱ्याला राहत होता. हे काम चालू असताना कळलं. कारण काम आता अवघड झालं होतं. आम्ही घाम गाळून आवळलेला दुसरा नट काही केल्या सुटेना. पुन्हा पाइप आला, या खेपेला उलट बाजूनं. चिंधाभाऊंनी जोर लावला, मी लावला, अविनाशनं लावला. थोडं कमी पडत होतं.

"सरका," नीला म्हणाली. साडीचा काठ वर खोचला आणि ती पाइपावर चढली.

"ताई, हळू!" चिंधाभाऊ म्हणाले.

नट किरकिरला, आणि सुटला. नीला खाली आली तेव्हा साय रंगाच्या साडीला काठापासून गुडघ्यापर्यंत काळ्या ग्रीसचा रुंद पट्टा लागलेला होता. मला शैलजा दिसायला लागली. नीलाचं लक्ष नव्हतं. उरलेले तीन नट ती स्वतः, एकेक, उलट्या दिशेनं फिरवत होती, आणि प्रत्येक नट सुटला की चिंधाभाऊंकडे बघत होती. ते मान हलवत होते. नीलाला कुणाकडून शाबासकी हवीशी वाटते, हीही मला नवीनच माहिती होती.

स्टेपनी बसली. चार नट आवळले.

"चार नटवर चालस, पन धावाडू नका," चिंधाभाऊंनी सांगितलं. "आनी दोन-तीन मैलवर थांबा, पुन्हा आवळा."

"कुठल्या बाजूला?" अविनाशनं विचारलं.

चिंधाभाऊंनी त्याच्याकडे फार प्रेमानं पाहिलं.

दहा बत्तीस झाले होते. आभार मानायला आम्ही तोंड उघडेपर्यंत ते सायकलवर बसले होते. नीला मागे धावली. "चिंधाभाऊ, तुमचं घर कुठे?" त्यांनी एक हात वर करून फाट्याकडे कुठेतरी दाखवला आणि दळणाच्या डब्यासकट दिसेनासे झाले.

कडोदऱ्याच्या अलीकडे नीलानं गाडी थांबवायला लावली. पंधरा मिनिटं उशीर होणार हे ठरलेलंच होतं. पण तिनं खाली उतरून चारही नट पुन्हा आवळले. "सांगितलंय ना त्यांनी," ती म्हणाली. मग गाडी पुढे निघाली. दोन्ही बाजूंना ऊस होता. ती तो मोडका नट हातात धरून बसली होती.

आम्ही शाळेत पोचलो अकरा वाजून बावीस मिनिटांनी. पट्टेवाल्यानं सांगितलं, तिचं नाव पुकारून झालं. आता शेवटचा उमेदवार आत आहे. तो आला की साहेब लोक उठतील.

नीला व्हरांड्यातल्या बाकावर बसली. हात काळे, साडी काळी, कपाळावर मनगटानं घाम पुसल्याचा काळा फराटा. ती रडत नव्हती. सांगलीला कुठली गाडी जाते, एवढंच तिनं मला विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. मला माहीत होतं.

शेवटचा उमेदवार बाहेर आला. त्याच्यामागून एक म्हातारे गृहस्थ पान थुंकायला आले. धोतर, टोपी, हातात काठी. हे मकनजीकाका, शाळेचे एक ट्रस्टी आणि पलीकडच्या साऱ्या उसाचे मालक. त्यांनी नीलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बेन, मुलाखतीला आलात की ट्रॅक्टर दुरुस्तीला?"

ते गुजरातीत बोलले, नीलाही पुढे सगळं गुजरातीतच बोलली. मी ते मराठीत देतोय, एवढंच.

"मुलाखतीलाच आले होते, काका. गाडी पंक्चर झाली."

"पंक्चरला एवढा वेळ?"

नीलानं मूठ उघडून मोडका नट दाखवला. मकनजीकाकांनी तो घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखा भाव आला. "आत या," ते म्हणाले.

मी खिडकीखालच्या बाकावर सरकलो. चार मुलाखती मी दूर बसून घालवल्या होत्या. पाचवी मला ऐकायची होती.

मुख्याध्यापकांनी उशिराचं कारण विचारलं. नीलानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नियम मीच सांगितला, पाइप मीच सुचवला, बोल्ट माझ्यामुळे तुटला, धातूत दोष आहे असं मीच म्हणाले, आणि धातूत काही दोष नव्हता.

"आणि मग?"

"मग चिंधाभाऊंनी शिकवलं."

"चिंधाभाऊ कोण?"

"लूमवर काम करतात. रातपाळी करून घरी चालले होते."

मुख्याध्यापक घसा साफ करत म्हणाले, डाव्या बाजूला उलटे आटे असण्याचं कारण उघड आहे. ही गाडी परदेशी, आणि त्या लोकांचं सगळंच आपल्या उलट असतं.

मी डोळे मिटले. हीच ती जागा. इथेच नवसारी झाली, इथेच भरूच झालं.  

"असेलही," नीला म्हणाली.

माझ्या बहिणीच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"चिंधाभाऊ म्हणाले, चाकाच्या फिरण्यानं नट सुटू नये म्हणून तसं करतात," ती पुढे म्हणाली. "मला ते पटलं. पण आज सकाळी मला दुसरंही पटलेलं होतं. त्यामुळे पुस्तकात बघेन, कुणा मिस्त्रीला विचारेन, आणि मगच मुलांना सांगेन."

मग मकनजीकाकांचा आवाज आला. "बेन, समजा परत जाताना उजवं चाक बसलं. नट कुठल्या बाजूनं फिरवाल?"

उत्तर तिला येत होतं. मलासुद्धा येत होतं, आणि मी तर कारकून.

"आधी हळूच फिरवून बघेन," नीला म्हणाली. "दोन्हीकडे."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ मकनजीकाकांचं हसणं. ते खोकल्यापर्यंत गेलं. "अरे बेन, ए तो मारी साथे पण थयुं छे!" एवढं त्यांचं वाक्य मी त्यांच्याच शब्दांत ठेवतो, कारण ते फार आनंदानं म्हटलेलं होतं. त्यांच्या जुन्या जीपचे त्यांनी असेच तीन बोल्ट तोडले होते. तीन! आणि हे त्यांनी वीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नीलाचा एकच तुटला हे कळल्यावर तर त्यांना तिच्याविषयी आदरच वाटायला लागला. तो मोडका नट सगळ्या समितीच्या हातांतून फिरला. मुख्याध्यापकांनीही तो घड्याळाच्या दिशेनं आणि उलट असा फिरवून पाहिला.

अर्ध्या तासानं नीला बाहेर आली.

"सोमवारपासून यायचंय," ती म्हणाली. "आठवी आणि नववी." आणि मग, इतक्या वेळानं, ती रडली. डोळे पुसले तेव्हा काळा फराटा गालांवरही आला. त्या अवतारात ती मला फार शहाणी दिसली.

भाईदासच्या पेट्या पोचत्या केल्या. पाइपही पोचता केला. तो मध्ये जरा वाकला होता, पण घेणाऱ्यानं तक्रार केली नाही. तिथूनच पेढे घेतले आणि परतताना गोडादऱ्याला वळलो.

चिंधा नावाची माणसं तिथे तीन निघाली. आमचे चिंधाभाऊ सायकलीवरून सापडले. ती एका पत्र्याच्या खोलीला टेकून उभी होती आणि आत दळणाचा डबा दिसत होता. दारात त्यांची बायको कलाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"आत्तेच डोया लागना त्यासना," ती म्हणाली. "उठाडू का?"

"नको, नको!" नीला म्हणाली. "रात्री परत पाळी असेल. झोपू दे." तिनं पेढ्यांचा पुडा दिला.

"हाई कसाले?"

"त्यांनी मला आज शिकवलं. म्हणून नोकरी मिळाली."

कलाबाईनं आमच्या तिघांकडे पाहिलं, मग आत, अंधारात घोरणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. "यासनी शिकाडं? माले तं बारा वरीसमा काही शिकाडं नही!" आणि ती इतकी हसली की तिला तोंडावर पदर धरावा लागला, नाहीतर चिंधाभाऊ जागे झाले असते. तिनं आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. आम्ही तो कुजबुजत प्यायलो.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आठच्या गाडीनं गेली असती तर?" आम्ही विचार केला. आठच्या गाडीनं गेली असती तर वेळेवर पोचली असती, स्वच्छ साडीत, आणि मुख्याध्यापकांना कुठल्या ना कुठल्या चुकीवरून दोन शब्द सुनावून परत आली असती. राहुकाळाविरुद्ध माझ्याजवळ आजही पुरावा नाही. शैलजानं साडी पाहिली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नीलाशी बोलत होती.

पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला दारात चिंधाभाऊ उभे. हातात एक बोल्ट, वर 'एल'. भाईदासचं पिकअप सुरतेत कोण ओळखत नाही? पत्ता त्यावरूनच काढला होता. भंगार बाजारात असाच बोल्ट मिळाला, तो खाली गाडीला बसवूनही झाला होता. हातातला एक जास्तीचा, पुन्हा तोडलात तर असू द्या म्हणून. आभाराचं आम्ही काही बोलायला लागलो की ते नटांविषयी बोलत. मोडका तुकडा नीलानं काय केला, एवढंच त्यांनी विचारलं.

"ठेवलाय. उद्या पहिला तास आहे. वर्गात नेणार आहे," ती म्हणाली. तो तुकडा पुढे तेहतीस वर्षं वर्गात जात राहिला, आणि दर जूनमध्ये पोरांना चिंधाभाऊंचं नाव पाठ होत राहिलं, पण ते त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

"मंग मुलांना सांगा," चिंधाभाऊ म्हणाले, "तुटस तोवर जोर नही लावानं."

आठच्या पाळीला जायचं म्हणून ते उठले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात वाटी होती. तिनं पंचांगाकडे पाहिलं नाही; वार कुठला, काळ कुठला, काही विचारलं नाही.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

चिंधाभाऊंनी गोंधळून उजवा हात पुढे केला. आईनं त्या ग्रीसच्या रेषा मुरलेल्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं.

"हाई कसाले, माय?"

"कामाला निघालेल्या माणसाला देतात आमच्यात," आई म्हणाली. "मास्तरांना तर द्यावंच लागतं."

चिंधाभाऊंनी नीलाकडे पाहिलं. नीलानं मान हलवली, जशी त्या दिवशी त्यांनी नटानटाला हलवली होती. मग त्यांनी दही चाटलं, हात पायजम्याला पुसला आणि खाली जाऊन सायकलवर बसले. निघण्याआधी, सवयीनं, डावं पायडल एकदा हलवून पाहिलं.